‘युद्धात नष्ट झाली’ असे लिहू नका : कीवच्या गिन्झबर्ग इमारतीविषयी

१/
कीव शहरातील एका भव्य निवासी इमारतीचे जुने छायाचित्र इतिहासप्रेमींच्या वर्तुळात वारंवार फिरत असते. टेकडीच्या उतारावर उभी असलेली आणि भोवतालच्या सर्व घरांवरून मान उंचावून पाहणारी वास्तू. छायाचित्राखाली साधारणतः एवढेच लिहिलेले असते की ही गिन्झबर्गची गगनचुंबी इमारत, बांधकाम १९१०-१२, दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. त्यातील नाव बरोबर आहे, सालही बरोबर आहे. माझा आक्षेप ‘नष्ट झाली’ या दोन शब्दांना आहे आणि हा संपूर्ण थ्रेड त्या दोन शब्दांविरुद्ध आहे.

२/
‘नष्ट केली’ म्हटले की वाचक लगेच विचारतो, कोणी? ‘नष्ट झाली’ म्हटले की तो प्रश्न उद्भवतच नाही. भूकंपात घर पडते, महापुरात पूल वाहून जातो. तेथे ‘झाली’ योग्यच आहे. युद्ध मात्र निसर्गाचा कोप नव्हे. सुरुंग कोणीतरी पेरतो, तार कोणीतरी जोडतो, आदेशावर कोणाची तरी सही असते. इतिहास लिहिणाऱ्यानेच वाक्यातून कर्ता गाळला, तर तो शोधायचा कोणी?

३/
आधी इमारतीची ओळख करून घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी कीव हे रशियन साम्राज्यातील झपाट्याने वाढणारे शहर होते. साखरेच्या व्यापारातून आलेला पैसा घरबांधणीत ओतला जात होता. ख्रेश्चातिक या मुख्य रस्त्यालगतच्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता. अशा वेळी लेव गिन्झबर्ग या शहरातील मातब्बर बांधकाम कंत्राटदाराने इन्स्तितुत्स्का रस्त्याच्या चढावर एक अतिभव्य भाड्याचे घर उभारायचे ठरवले. आराखडा ओदेसाच्या दोन वास्तुविशारदांचा होता : अडॉल्फ मिंकुस आणि फ्योदोर त्रुप्यान्स्की.

४/
जागा उताराची असल्याने इमारतीचे मजले सर्व बाजूंनी सारखे दिसत नसत. सामान्यतः तिला अकरा मजली म्हटले जाते. आत नव्वदहून अधिक सदनिका होत्या आणि वर जाण्यासाठी लिफ्ट होती. त्या काळातील कीवमध्ये एवढ्या उंचीचे दुसरे निवासी घर नव्हते. अगदी वरच्या मजल्यावर १९१३ पासून चित्रकार ओलेक्सांद्र मुराश्को यांची कलाशाळा भरत असे. आपण केवळ दगडविटांच्या ढिगाविषयी बोलत नाही. भाडेकरू, विद्यार्थी, नोकरचाकर, जिन्यावरची ये-जा आणि सर्व शहर दिसणाऱ्या खिडक्या, असे एक भरलेले घर तेथे होते.

५/
आता त्या काळाची दुसरी बाजू. गिन्झबर्ग ज्यू होते. रशियन साम्राज्यात ज्यूंना ठरावीक प्रदेशातच राहण्याची मुभा होती आणि त्या प्रदेशाच्या मधोमध असूनही कीव शहर त्यातून वगळलेले होते. पहिल्या श्रेणीचे व्यापारी, विशिष्ट शिक्षण घेतलेले लोक अशा मोजक्यांनाच तेथे हक्काने राहता येई. इतरांना पोलिसांच्या रात्रीच्या धाडींची भीती असे. ऑक्टोबर १९०५ मध्ये याच शहरात ज्यूंवर हल्ले झाले, दुकाने लुटली गेली, माणसे मारली गेली.

६/
इमारतीचे बांधकाम चालू असतानाच, जुलै १९११ मध्ये, मेनाखेम मेंडेल बेलिस या वीटभट्टीवरील ज्यू कर्मचाऱ्याला कीवमध्ये अटक झाली. आरोप असा की त्याने धार्मिक विधीसाठी एका ख्रिस्ती मुलाचा बळी दिला. मध्ययुगातील ही भाकडकथा विसाव्या शतकातील सरकारी वकिलांनी न्यायालयात उभी केली. बेलिस दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला आणि १९१३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. शहरातील सर्वांत उंच घर एक ज्यू कंत्राटदार बांधत होता, तेव्हा त्याच शहरात एका ज्यू कामगाराला केवळ ज्यू असल्यामुळे जगापुढे राक्षस ठरवले जात होते. छायाचित्राखालच्या एका ओळीत हे मावत नाही, हे मला मान्य आहे. परंतु हे वगळल्यावर जे उरते ते फक्त सुंदर दर्शनी भागाचे कौतुक होय.

७/
१९१७ च्या क्रांतीनंतर कीवची सत्ता काही वर्षांत अनेकदा हातोहात बदलली. अखेरीस सोव्हिएत राजवट स्थिरावली, मोठी खासगी घरे सरकारजमा झाली आणि श्रीमंतांच्या प्रशस्त सदनिकांत अनेक कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. मालक गेला, पण इमारत राहिली. तिच्या अंताची गोष्ट १९४१ च्या उन्हाळ्यात सुरू होते.

८/
२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. ३ जुलैच्या नभोवाणीवरील भाषणात स्टालिनने माघार घेताना शत्रूच्या हाती काहीही उपयोगाचे लागू न देण्याचे आवाहन केले. ही दग्धभू नीती होती आणि ती केवळ धान्यकोठारे व रेल्वेमार्गांपुरती राहिली नाही. १८ ऑगस्ट रोजी झापोरिझिया येथील द्नीप्रो नदीवरील प्रचंड धरण सोव्हिएत पथकांनीच उडवले. सोसाट्याने सुटलेल्या पाण्यात खालच्या बाजूचे नागरिक आणि माघार घेणारे त्यांचेच सैनिकही सापडले.

९/
१९ सप्टेंबर रोजी जर्मन सैन्य कीवमध्ये शिरले. शहराच्या पूर्वेला सोव्हिएत फौजांना वेढा पडला होता. जर्मनांनी त्या लढाईत साडेसहा लाखांहून अधिक युद्धकैदी पकडल्याचा दावा केला. शहरात सुमारे चार लाख नागरिक उरले होते, त्यांत वृद्ध, स्त्रिया आणि मुलेच अधिक. जर्मन अधिकाऱ्यांनी ख्रेश्चातिक आणि आसपासच्या उत्तमोत्तम इमारती कार्यालयांसाठी व निवासासाठी ताब्यात घेतल्या. ते तसे करणार, हा अंदाज माघार घेणाऱ्यांनी आधीच बांधला होता.

१०/
२४ सप्टेंबर रोजी ख्रेश्चातिक आणि प्रोरिझ्ना रस्त्यांच्या कोपऱ्यावर पहिला मोठा स्फोट झाला. तेथे जर्मन लष्करी प्रशासनाचे कार्यालय थाटलेले होते. त्यामागून एकामागून एक इमारती उडू लागल्या. सोव्हिएत पथकांनी शहर सोडण्यापूर्वी तळघरांत आणि इतर जागी स्फोटके दडवून ठेवली होती. काही ठरावीक वेळेनंतर फुटणारी, काही दूर अंतरावरून बिनतारी संदेशाने उडवता येणारी. गिन्झबर्गची इमारत याच मालिकेत उडवली गेली.

११/
स्फोटांमागून आग आली. पाणीपुरवठा निकामी झालेला होता. द्नीप्रोपासून नळ्या टाकून पाणी आणण्याचा प्रयत्न झाला, तर त्या नळ्या कापल्या गेल्या. आग पसरू नये म्हणून जर्मनांनी स्वतःही काही इमारती उडवून मध्ये मोकळा पट्टा केला. शहराचे केंद्र कित्येक दिवस जळत होते. हजारो कीववासी बेघर झाले. त्यांना आधी कोणी सूचना दिली नव्हती, कारण सूचना दिली असती तर शत्रूलाही कळले असते.

१२/
हे जर्मनांचेच कृत्य नव्हते कशावरून? इतिहासकार केवळ तर्कावर थांबत नाहीत. सर्व सुरुंग फुटले नाहीत. लेनिन संग्रहालयाच्या इमारतीतून जर्मन सैनिकांनी स्फोटके बाहेर काढली आणि त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. आपल्याच कार्यालयांखाली, आपलेच अधिकारी आत बसलेले असताना सुरुंग पेरण्याचे जर्मनांना काही कारण नव्हते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांनी उरलासुरला संशयही दूर केला. ती संग्रहालयाची इमारत आजही उभी आहे. गिन्झबर्गचे घर उभे नाही. दोघांत फरक एवढाच की एका ठिकाणची स्फोटके वेळेत सापडली.

१३/
युद्ध संपण्यापूर्वीच सोव्हिएत सरकारच्या विशेष आयोगाने कीवच्या विध्वंसाची जबाबदारी सरसकट जर्मन आक्रमकांवर टाकली. पुढे दशकानुदशके पाठ्यपुस्तकांत, मार्गदर्शिकांत आणि स्मारकांवर हेच कथन चालले. याच यंत्रणेने कातिन येथे १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी केलेली पोलिश अधिकाऱ्यांची हत्या जर्मनांच्या नावे लिहिली होती आणि मॉस्कोने ती कबूल करायला एप्रिल १९९० उजाडावा लागला. जर्मनांनी सोव्हिएत भूमीवर केलेले गुन्हे इतके अगणित होते की त्यांत आणखी एक सहज खपून जाई. खरा गुन्हेगार समोर असला की त्याच्या खात्यावर आपलेही कर्ज चढवता येते, ही राज्यकर्त्यांची जुनी हिशेबपद्धती आहे.

१४/
याचा पुरावा साहित्यातही सापडतो. कीवमध्ये बालपणी हा सगळा काळ पाहिलेले लेखक अनातोली कुझ्नेत्सोव यांचे ‘बाबी यार’ हे पुस्तक १९६६ मध्ये ‘यूनोस्त’ मासिकात प्रसिद्ध झाले, पण कात्री लावून. ख्रेश्चातिक कोणी उडवले याविषयीचा मजकूर त्यात टिकला नाही. १९६९ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये आश्रय घेतला आणि पुढच्या वर्षी संपूर्ण पुस्तक प्रकाशित केले. कापलेला भाग त्यांनी वेगळ्या टंकात छापला, म्हणजे काय लपवले गेले ते वाचकाला पानोपानी दिसावे.

१५/
आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : लष्करी गरज होती. समोर वंशसंहारक शत्रू होता, त्याच्या मुख्यालयावर आघात करणे हा युद्धाचा भाग आहे. सत्तर-ऐंशी वर्षांनी एका इमारतीसाठी अश्रू ढाळणे ही चैन आहे. हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. नाझी आक्रमणाशी लढणे न्याय्यच होते, आणि त्या लढ्यात सोव्हिएत जनतेने मोजलेली किंमत इतर कोणत्याही देशाने मोजली नसेल. पण हे कृत्य इतके अभिमानास्पद होते, तर सरकारने ते शत्रूच्या नावे का लिहिले? पराक्रम कोणी दुसऱ्याच्या पदरात घालत नाही. लपवणाऱ्यानेच आपल्या कृत्याचा निवाडा करून ठेवला आहे.

१६/
दग्धभू नीती आपल्याला परकी नाही. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज खंडाळ्याच्या घाटावरून पुण्याकडे सरकत असताना मराठ्यांनी वाटेतील गावे रिकामी केली, धान्य हलवले, चारा जाळला आणि तळेगावही इंग्रजांच्या उपयोगाचे ठेवले नाही. परिणाम वडगावच्या तहात दिसला. आपण हे उघडपणे सांगतो, कर्त्याच्या नावासह सांगतो. कीवशी तुलना येथेच संपते, कारण तेथे गाव रिकामे केले गेले नव्हते. लोक झोपत होते त्याच घरांखाली स्फोटके होती आणि ते जाणणारे लोक शहर सोडून गेले होते. नीती एकच असली तरी ती कोणाच्या डोक्यावर राबवली गेली, हे पाहावेच लागते.

१७/
दुसरा विषय याहून गंभीर आहे आणि येथे फार जपून पाऊल टाकावे लागते. स्फोटांना पाच दिवस होत नाहीत तोच, २९ आणि ३० सप्टेंबर रोजी, शहराच्या कडेला बाबिन यार या घळीत जर्मनांनी ज्यूंची कत्तल केली. त्यांच्याच अहवालातील आकडा ३३,७७१ असा आहे. त्याआधी २८ तारखेला भिंतींवर फर्मान लागले होते की कीवमधील सर्व ज्यूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कागदपत्रे, पैसे आणि उबदार कपडे घेऊन ठरलेल्या चौकात हजर व्हावे. अनेकांना वाटले, आपल्याला दुसरीकडे हलवणार. जर्मनांनी या कत्तलीला ख्रेश्चातिकच्या स्फोटांचा बदला असे नाव दिले.

१८/
येथून एक मोहक पण खोटा निष्कर्ष निघतो आणि तो आजकाल बराच फिरतो : सोव्हिएतांनी सुरुंग पेरले म्हणून बाबिन यार घडले. हे साफ चूक आहे. कीवमध्ये एकही स्फोट होण्यापूर्वी, ऑगस्टच्या अखेरीस, कामियानेत्स-पोदिल्स्की येथे तीन दिवसांत २३,६०० ज्यू मारले गेले होते. तेथे कोणतेही ख्रेश्चातिक उडाले नव्हते. त्या कत्तलीचा सूत्रधार फ्रीडरिश येकेल्न हाच पुढे कीवच्या निर्णयातही होता. मारायचे आधीच ठरले होते. स्फोटांनी फक्त सोयीचे निमित्त पुरवले. आणि सुरुंग पेरणाऱ्यांत ज्यू नागरिकांचा समूह म्हणून काय संबंध होता? काहीही नाही. निमित्ताला कारण म्हणणे म्हणजे खुन्याची जबानी जशीच्या तशी निकालपत्रात उतरवणे होय.

१९/
म्हणून दोन वाक्ये स्वतंत्रपणे आणि पूर्ण लिहायला हवीत. गिन्झबर्गची इमारत सोव्हिएत पथकांनी पेरलेल्या स्फोटकांनी उडवली. बाबिन यारची कत्तल जर्मनांनी केली. पहिले वाक्य लिहिल्याने दुसऱ्यातील गुन्हेगाराचा भार तसूभरही हलका होत नाही. दुसरे वाक्य खरे असल्याने पहिले दडवण्याचा परवाना मिळत नाही. एका गटाला पहिले वाक्य नको असते, दुसऱ्या गटाला फक्त पहिलेच हवे असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यांपैकी कोणत्याही गटाची वकिली करण्याचे कारण नाही.

२०/
सोव्हिएत राजवटीची शब्दांची काटछाट येथेच थांबली नाही. १९७६ मध्ये बाबिन यार येथे अधिकृत स्मारक उभे राहिले, त्यावर सोव्हिएत नागरिक आणि युद्धकैदी यांचा उल्लेख होता. ज्यू हा शब्द नव्हता. इमारतीच्या वाक्यातून कर्ता गाळला, घळीच्या वाक्यातून कर्म गाळले. कोणी मारले ते सांगितले, कोणाला आणि का मारले ते सांगितले नाही. एका ज्यू माणसाने उभारलेले घर आणि त्या शहरातील ज्यू समाज एकाच आठवड्यात संपवले गेले, दोन वेगवेगळ्या हातांनी, आणि नंतर दोन्ही गोष्टी ‘युद्ध’ या एकाच पोत्यात भरल्या गेल्या.

२१/
इमारतीच्या जागी पुढे काय झाले? युद्धानंतर ख्रेश्चातिक नव्याने, स्टालिनकालीन भपक्यात उभारले गेले. टेकडीवरील जागेत एक उंच हॉटेल आले, नाव ‘मॉस्क्वा’. मूळ आराखड्यात त्याच्या माथ्यावर मनोरा होता. परंतु स्टालिननंतर ख्रुश्चेव्हने १९५५ मध्ये वास्तुकलेतील उधळपट्टीविरुद्ध फर्मान काढले आणि मनोरा कापला गेला. १९६१ मध्ये पूर्ण झालेले ते हॉटेल बोडक्या माथ्यानेच उभे राहिले. स्वतंत्र युक्रेनमध्ये त्याचे नाव बदलून ‘उक्रायना’ झाले.

२२/
फेब्रुवारी २०१४ मध्ये खालच्या मैदान चौकातील आंदोलनावर गोळीबार झाला, तेव्हा इन्स्तितुत्स्का रस्त्यावर माणसे पडली आणि या हॉटेलच्या दिवाणखान्यात जखमींवर उपचार झाले, मृतदेह ठेवले गेले. २०२२ पासून कीववर पुन्हा क्षेपणास्त्रे पडत आहेत आणि निवासी इमारती कोसळत आहेत. आजच्या बातम्यांतही ‘इमारतीचे नुकसान झाले’, ‘नागरिक मृत्युमुखी पडले’ अशी वाक्ये आपण रोज वाचतो. क्षेपणास्त्र जणू पावसासारखे आभाळातून आले! ऐंशी वर्षांपूर्वीच्या छायाचित्राखालची ओळ आणि आजच्या बातमीचा मथळा यांचे व्याकरण एकच आहे.

२३/
‘एवढ्याशा शब्दासाठी एवढा वाद?’ असे कोणी विचारेल. जुन्या वास्तूंची छायाचित्रे जमवणे हा निष्पाप छंद आहे आणि तो कोणी सोडावा असे मी म्हणत नाही. पण हळहळ ही जिज्ञासेची जागा घेऊ लागली की ती निष्पाप राहत नाही. ‘किती सुंदर होती, युद्धाने गिळली’ म्हणून आपण पुढच्या छायाचित्राकडे वळतो. ज्यांनी ती उडवली, ज्यांनी ते लपवले, ज्यांनी तिच्या राखेचे निमित्त करून माणसे मारली, ते सर्व या एका उसाशात सुटून जातात.

२४/
तेव्हा पुढच्या वेळी हे छायाचित्र टाकाल तेव्हा खाली एवढे लिहा : ‘गिन्झबर्गची इमारत, कीव. बांधकाम १९१०-१२. सप्टेंबर १९४१ मध्ये माघार घेणाऱ्या सोव्हिएत पथकांनी पेरलेल्या स्फोटकांनी उडवली. सोव्हिएत सरकारने अनेक दशके त्याचा दोष जर्मनांवर ठेवला.’ ओळ थोडी लांब होते, छायाचित्राची शोभा कदाचित कमी होते. हरकत नाही. आणि कोणत्याही वास्तूविषयी ‘युद्धात नष्ट झाली’ असे वाचाल, तेव्हा लिहिणाऱ्याला नम्रपणे एकच प्रश्न विचारा : कोणी केली?

थ्रेड समाप्त. मतभेद असतील तर जरूर मांडा, फक्त कर्त्यासह मांडा.